काळं दिसायच्या आधी

2021च्या मे महिन्यातली गोष्ट. कोविडमधून घरी आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, पदर गालाला लागतो तो कळतच नाही." मी कान-नाक-घसा तज्ज्ञ, तरी सायनसची सूज समजून अँटिबायोटिक लिहून मोकळा झालो. चौथ्या दिवशी टाळूवर काळा डाग. तो म्यूकर नावाच्या बुरशीचा होता. ती चूक माझी, म्हणून गावोगावी दवाखाना चालवणाऱ्या मित्रांसाठी हे लिहितोय.

म्यूकरला लोक 'काळी बुरशी' म्हणतात, पण ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद पाडते आणि मेलेला भाग काळा पडतो. म्हणजे काळं दिसलं तर उशीर झालेलाच असतो.

रुग्णाला मधुमेह असेल, त्यातही रक्त आम्लधर्मी करणारा कीटोअ‍ॅसिडोसिस, किंवा स्टेरॉइड चालू असेल, किडनी बदललेली असेल, रक्ताचा कॅन्सर असेल, तर एका बाजूच्या 'सर्दी'वर विश्वास ठेवू नका. कापसाची वात करून दोन्ही गालांवर आळीपाळीने फिरवा आणि सारखंच लागतं का विचारा. मग टॉर्च घेऊन टाळू बघा, वरच्या दाढा हलवून बघा, पापणी पडलीय का, एकाचे दोन दिसतात का. शुगर तिथेच करा. केमो चालू असलेल्याच्या पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर पू होतच नाही. नुसता ताप आणि चेहऱ्याचं दुखणं, एवढंच हातात असतं.

शंका आली की त्याच दिवशी नाकाची एंडोस्कोपी. फिकट, टोचलं तरी रक्त न येणारी जागा दिसली तर तिथलाच तुकडा घ्या, नुसता स्वॅब नको. एक तुकडा सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला, दुसरा फॉर्मेलिनमध्ये (हे द्रव तुकडा टिकवतं, पण बुरशी मारतं). सगळेच फॉर्मेलिनमध्ये टाकले की कल्चर, म्हणजे बुरशी उगवून बघायची तपासणी, गेलं! तुकडा कुटू नका असंही लॅबला सांगा, कुटला तर म्यूकर उगवत नाही. केओएचचा (तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं) निकाल त्याच दिवशी मिळतो: रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू म्हणजे म्यूकर. बारीक, पडदे असलेले, लघुकोनात फुटणारे तंतू असतील तर बहुधा दुसरी बुरशी, अ‍ॅस्परजिलस. त्याला व्होरिकोनॅझोल हे औषध चालतं, म्यूकरला अजिबात नाही. गॅलेक्टोमॅनन ही टेस्ट म्यूकर पकडतच नाही, म्हणून ती निगेटिव्ह आली म्हणून म्यूकर नाही असं समजू नका. डोळा आणि मेंदू किती गुंतलेत ते एमआरआय सांगतो.

दाट शंका असेल तर निकालाची वाट न बघता बुरशीवरचं औषध लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करा, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 50च्या सहा व्हायल. बुरशी मेंदूत शिरली असेल तर किलोमागे 10पर्यंत. हे औषध नॉर्मल सलाईनमध्ये फुटतं, म्हणून डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. "शुगरवाल्याला साखरेचं सलाईन?" म्हणून नातेवाईक भांडतात, त्यांना समजावा आणि इन्सुलिन वाढवा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियमवर रोज नजर हवी. स्टेरॉइड फिजिशियनला विचारून कमी करा, एकदम तोडू नका.

औषध मेलेल्या भागात पोचतच नाही, म्हणून सर्जरी टाळता येत नाही. ताजं रक्त वाहेपर्यंत मेलेला भाग काढायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा आत बघायचं, लागलं तर पुन्हा काढायचं. मावशींचा अर्धा टाळू गेला. नंतर बुरशीवरच्याच पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या, पहिल्या दिवशी 300 मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा, जेवणासोबत, काही महिने. टाळूचं भोक झाकणारी प्लेट बसवेपर्यंत चहा नाकातून यायचा, तरी मावशींनी एकही तपासणी चुकवली नाही.