तीन विसा

नव्याने आशा, म्हणजे गावची आरोग्य सेविका, झालेल्या मैत्रिणींनो, पहिल्या वर्षात काम सोडावंसं वाटेल. मलाही वाटलं होतं. सर्व्हे, रजिस्टरं, मीटिंगा, आणि मोबदला कामावर, तोही कधी वेळेत तर कधी नाही. मी लागले तेव्हा एका नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्या की 250 रुपये मिळायचे. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर भेटी सहा: 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. मी जायचे, झोळीच्या काट्यावर वजन करायचे, कार्ड भरायचे, चहा घेऊन निघायचे.

मग एका घरी तिसऱ्या दिवसाची भेट होती. बाळ 2 किलो 200 ग्रॅमचं. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे आपल्यासाठी जोखमीचं. आई म्हणाली, सकाळपासून नीट ओढत नाही. मी हात धुतले, कोरडे केले, पोटावरचं दुपटं वर सारलं आणि घड्याळ बघून श्वास मोजले. 64. प्रशिक्षणात सांगितलं होतं, 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हा मोजले, 66. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता.

आजी म्हणाल्या, "पाचवी पुजल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर जात नाय." त्यांच्याशी वाद घालत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मी म्हटलं, "आजी, मी घड्याळ धरते. पोट वर आलं की तुम्ही मोजा." त्या बोटांवर मोजत राहिल्या. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "तीन विसा आन वर चार." मी सोबत आणलेलं माझं पोर त्यांच्या मांडीवर दिलं. त्याचं पोट बघत त्यांनी दीड वीससुद्धा मोजले नाहीत. मग स्वतःच म्हणाल्या, "गाडी बोलाव."

बाळ दवाखान्यात राहून बरं होऊन आलं.

त्यानंतर मी सिस्टरांना खोदून खोदून विचारायला लागले. पूर्ण मिनिट का मोजायचं? कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर फसगत होते. रडतं किंवा पितं बाळ का मोजायचं नाही, तेही तेव्हाच समजलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे मी वर्गात एकदा ऐकलं होतं. पण ज्या बायकांनी ते केलं त्या माझ्यासारख्याच, थोडंफार शिकलेल्या होत्या, हे डोक्यात शिरलं तेव्हा रात्री झोप लागेना. तोवर मी गावात कुणाची तरी धाकटी सून होते.

तुम्हाला एकच सांगते. पहिले तीन महिने रजिस्टर मागे पडलं तरी चालेल, मोजायला शिका. आणि घरातल्या म्हातारीला सोबत घ्या, तिला बाजूला सारू नका. आता मी कुठल्याच आजीला साठ सांगत नाही, तीन विसा सांगते.

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला एका आजीचा फोन आला. "ताई, तीन विसाला पाच कमी भरले. पर लेकरू गप पडलंय, पीत नाय."

बरोबर पाहिलं होतं तिने. आकडा साठच्या आत, तरी न पिणारं बाळ थांबत नसतं. मी बॅटरी घेतली आणि निघाले.