दुसऱ्या-चौथ्या शनिवारचा शर्ट

कुडाळच्या एका पतपेढीत मी कॅशला बसते. आम्हालाही बँकांसारखी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते, आणि माझा शर्टांचा धंदा त्या दोन शनिवारांवरच चालतो.

नोकरी सांभाळून स्वतःच्या नावाचे कपडे काढायचे असतील तर कापड बघायच्या आधी नेमणूकपत्र काढून वाचा. जोडधंद्याला मनाई असेल तर लेखी परवानगी घ्या. साहेबांनी तोंडी दिलेला होकार साहेबांच्या बदलीबरोबर जातो. सरकारी नोकरी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आधी बघा.

मग एकच वस्तू ठरवा. माझा अर्ध्या बाह्यांचा, ढगळ, सुती शर्ट आहे, मे महिन्यातही अंगाला चिकटणार नाही असा. तीन मापं, दोन रंग, एका खेपेला 24 नग. कुर्ते, फ्रॉक, पिशव्या सगळं एकदम काढायची हौस मलाही होती, पण प्रत्येक वस्तूचा वेगळा फर्मा (कापड कापायचा नमुना) आणि प्रत्येकाचा वेगळा उरलेला माल ठेवायचा कुठे?

कापडासाठी शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडते, पहाटे सीएसएमटी, आणि तिथून क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगळदास मार्केट. रविवारी ते बंद, म्हणून शनिवार हवा. रात्री त्याच गाडीने परत. दुकानात भाव विचारायच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 44 इंची पन्ह्यात माझ्या शर्टाला दोन मीटर लागतं, 58 इंचीत दीड-पावणेदोन. मीटरमागे महाग दिसणारं कापड शर्टामागे स्वस्त पडू शकतं.

पहिल्या खेपेचं कापड मी आणलं तसंच शिवायला टाकलं. पंधरा दिवसांनी मावसभाऊ शर्ट घालून दारात हजर. हात वर केला की पोट उघडं! शर्ट घेऊन माझे शर्ट शिवणाऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी कॉलर उलटीसुलटी केली आणि एवढंच विचारलं, “कापड भिजवलंस काय गो?”

तेव्हापासून प्रत्येक ताग्यातून आधी अर्धा मीटर कापते. त्यावर बॉलपेनने 40 सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, कापड गरम पाण्यात तासभर बुडवायचं, वाळवून इस्त्री करायची आणि पुन्हा मोजायचं. 40 चे 38 झाले तर कापड पाच टक्के आटलं, म्हणजे 30 इंच उंचीचा शर्ट दीड इंच आखूड होणार. आडवं-उभं दोन्हीकडून मोजा, आटणं सारखं नसतं. मग सगळं कापड भिजवून, वाळवूनच कटिंगला द्यायचं. यात खळही निघून जाते. आमच्याकडे हे दुहेरी कामाचं, कारण जूनमध्ये हवा दमट झाली की बुरशी खळीच्या कापडावर आधी धरते. पावसाळ्यात मी तयार माल ठेवतच नाही. उन्हाळ्यात मे संपेपर्यंत जे खपेल तेवढंच शिवून घेते, गणपतीचं काम वेगळं.

एका शर्टाचा हिशेब वहीत असा, रुपयांत: कापड 340, शिलाई 220, काज-बटण आणि कॉलरचा कॅनव्हास 35, लेबल-पिशवी 25, प्रवासाचा वाटा 40. एकूण 660. शर्ट 1150 ला विकते, हातात 490. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या वहिनी शर्ट ठेवतात आणि 20 टक्के घेतात, म्हणजे 230 गेले, उरले 260. तरी ते मला परवडतं, कारण पर्यटक कापड हाताने चाचपून घेतो. ओळखीत उधारी मात्र अजिबात नको. मी रोज दुसऱ्यांचे थकलेले हप्ते बघते.

कागदपत्रांत छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, ऑनलाइन, फुकट होते. कुणी पैसे मागितले तर उठून या. नावासाठी ट्रेडमार्कच्या 25 व्या, म्हणजे कपड्यांच्या, वर्गात आधी शोध घ्या. मला हवं होतं ते नाव कुणीतरी घेतलेलंच निघालं, आणि ते कळलं दोनशे लेबलं छापून झाल्यावर. एकट्या माणसाला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी 4500 रुपये आहे. जीएसटीत मालाच्या धंद्याला राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण आम्हा सिंधुदुर्गवाल्यांची गंमत अशी की बांदा ओलांडलं, पत्रादेवी आली की राज्य बदललं, गोवा लागला. पणजीच्या दुकानदाराने 12 शर्ट मागितले तेव्हा मला थांबावं लागलं. परराज्यात असा माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, आधी नोंदणी हवी.

विक्रीचा खरा मोसम गणपतीचा. चाकरमानी येतात, घरातल्या चौघा पुरुषांना एकसारखे शर्ट हवे असतात. पण कापड आषाढातच मास्तरांच्या टेबलावर पडायला हवं. नारळी पौर्णिमेनंतर ते कुणाचंच नवं काम धरत नाहीत, माझंही नाही.