जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल आणि लिकेज: या चुका टाळा

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाड्या घेणारे वाढलेत, चांगलंच आहे, पण गिअरबॉक्सच्या तेलाचे तेच तेच घोळ बघून आता वैताग येतो. तेल लाल दिसलं म्हणजे चालतंय आणि थेंब पडतोय म्हणजे बोल्ट अजून थोडा पिळायचा, एवढ्यावरच लोक कामाला लागतात.

सगळ्यात महागात पडते ती लेव्हल बघण्यातली चूक. ओळखीच्या एका काकांची २००८ ची होंडा सिव्हिक ऑटोमॅटिक होती, पार्किंगमध्ये खाली लाल डाग पडायला लागला म्हणून त्यांनी ती जवळच्या गॅरेजला दाखवली. तिथल्या पोराने इंजिन चालू ठेवून डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, तेल कमी दिसलं, अर्धा लिटर टाकलं. आठवड्याने डाग मोठा झाला, परत तसंच बघितलं, परत टाकलं. मग गाडी गिअर घ्यायला उशीर करायला लागली आणि गिअरबॉक्सच्या वरच्या अंगालाही तेलच तेल. काकांना सांगितलं गेलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मोठा खर्च आहे.

झालं होतं काय तर होंडाच्या त्या गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद करून लेव्हल बघतात. गाडी पूर्ण गरम करायची, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होऊ द्यायचा, सपाट जागेवर इंजिन बंद करायचं आणि साधारण दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक बघायची. इंजिन चालू असताना पंप बरंचसं तेल वर खेचून ठेवतो, त्यामुळे खाली लेव्हल कमी दिसणारच. त्या कमी दिसण्यावर तेल टाकत गेलं की ते जास्त होतं, आत फिरणारे गिअर त्याला घुसळतात, फेस होतो, फेसाने प्रेशर नीट बनत नाही आणि जास्तीचं तेल ब्रीदरमधून, म्हणजे हवा बाहेर पडायच्या वरच्या तोंडातून, बाहेर येतं. जो लीक बुजवायला तेल टाकत होते तोच तेल टाकून वाढवला. मूळ थेंब होता ड्रेन प्लगचा, म्हणजे तेल काढायच्या खालच्या बोल्टचा, जुनं चेपलेलं वायसर परत बसवल्यामुळे. जास्तीचं तेल काढलं, नवीन वायसर टाकलं, गाडी नीट चालायला लागली.

जुन्या ह्युंदाईत मात्र उलटं, तिथे इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून मग बघतात. काही टोयोटांना डिपस्टिकच नसते, ठराविक तापमानाला ओव्हरफ्लो प्लगमधून लेव्हल लावतात. म्हणून मॅन्युअलचं ते एक पान वाचल्याशिवाय हात लावू नका, पाच मिनिटं लागतात.

चुकीचं तेल. प्रत्येक गिअरबॉक्सच्या क्लचला घर्षण वेगळं लागतं आणि तेलातली रसायनं त्या हिशोबाने असतात. त्या काळच्या होंडात झेड-वन यायचं, पुढे कंपनीनेच त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं. ह्युंदाईच्या जुन्या चार स्पीडला एसपी-थ्री, टोयोटात टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन वेगळी तेलं आहेत, एकाच्या जागी दुसरं नाही. सीव्हीटीत (बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल, तर चुकूनही नाही. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला स्वस्त कॅन मी तरी माझ्या गाडीत ओतणार नाही.

भरायचा प्लग उघडतोय की नाही हे बघण्याआधी ड्रेन प्लग उघडू नका. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. पुसायला धागे सुटणारं फडकं नको.

एकदाच तेल काढून "बदललं" म्हणणं हेही चूक. सिव्हिकच्या गिअरबॉक्समध्ये साधारण सहा लिटर तेल असतं आणि ड्रेन प्लगमधून अडीचच्या आसपास निघतं, बाकीचं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं. म्हणून काढा-भरा तीनदा, मध्ये थोडी गाडी चालवून, तेव्हा कुठे ८० टक्के तेल नवीन होतं. मी प्रत्येक वेळी निघालेलं तेल खुणा केलेल्या बाटलीत मोजतो आणि तेवढंच भरतो, मग शेवटी लेव्हल. मशीनने प्रेशर देऊन फ्लश करायला (सगळं तेल एकदम ढकलून काढायला) जुनी गाडी मी देत नाही, एका तासात काम उरकायची ही घाई जुन्या बॉक्सला कशाला. आणि "तेल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला" म्हणणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा आधीपासूनच स्लिप होत असते, म्हणजे आतला क्लच घसरत असतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असेल तर घाबरू नका, धातूचे तुकडे किंवा चकत्या असतील तर तेल बदलून काही होणार नाही. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय, पावसात तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी काढली असेल किंवा रेडिएटरमधला गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर फुटला असेल. तेव्हा गाडी चालवत राहू नका.

आता लिकेज. आधी धुवा, मग शोधा. तेल वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथे लीक असेलच असं नाही. ब्रेक क्लीनरने सगळं साफ करा, सुकू द्या, थोडं चालवा आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. ड्रेन प्लग पिळून लीक थांबवायला जाल तर ॲल्युमिनिअमचे आटे जातील, सिव्हिकला ४९ न्यूटन मीटर पुरे आहे, टॉर्क पाना (ठराविक जोरानेच आवळणारा) नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. खाली चेंबर (तेलाचा पत्र्याचा ट्रे) असलेल्या गिअरबॉक्सला पॅकिंगवर सिलिकॉनचा थर फासणं मला अजिबात पटत नाही, आतल्या बाजूला निघालेला तुकडा सुटून फिल्टरमध्ये किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचं प्रेशर वाटणाऱ्या भागाच्या) बारीक भोकात जातो.

ड्राइव्हशाफ्टचं (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) सील बदलताना शाफ्ट घालण्याआधी सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या रबरी कडेला, तेल लावा आणि स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) त्यावर घासू देऊ नका. शाफ्टवर चर पडलेली असेल किंवा बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर नवीन सीलही गळणारच. कूलरचा पाइप कडक झाला असेल तर एटीएफला चालणाराच घ्या, रेडिएटरचा पाइप कापून लावू नका. लीक बंद करणारं औषध सील फुगवतं, काही दिवस बरं वाटतं, पुढे सील जास्तच मऊ पडतं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जोडातून लाल तेल येत असेल तर ते बहुतेक कन्व्हर्टरचं सील असतं आणि त्यासाठी बॉक्स उतरवावाच लागतो, ते घरी करायचं काम नाही. गॅरेजला देताना इंजिनचं मागचं क्रँक सीलही त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर ते पुढे कधी गळलं तर बॉक्स परत उतरवायची मजुरी द्यावी लागते.