हो म्हणजे हो: चौघांनी मिळून शिष्यत्वाचा सराव कसा करावा

बाप्तिस्मा झालेला आहे, रविवारची उपासना चुकत नाही, संडे स्कूलमधली सुवर्णवचनं अजून तोंडपाठ आहेत. तरी घरात भांडण झालं की आवाज चढतो तो थेट आजोबांच्या पट्टीत. विश्वास खोटा असतो असं नाही, त्याचा सराव कुणी करून घेतलेला नसतो. मत्तय २८:२० मध्ये येशूने शिष्य करायला सांगताना जोडीला आपल्या आज्ञा पाळायला शिकवा असंही सांगितलं. आपल्याकडे त्या ऐकवल्या जातात, समजावल्या जातात, पाठ करून घेतल्या जातात. गेल्या आठवड्यात पाळली का, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारणारी तीन माणसं शोधायची आणि त्यांच्यासोबत दर आठवड्याला बैठक घ्यायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

बैठकीला तिघे किंवा चौघे हवेत. दोघांतला एक आजारी पडला की बैठक बुडते, आणि पाचवा आला की कोणीतरी नुसता ऐकत बसतो. पुरुषांची बैठक वेगळी, बायकांची वेगळी ठेवा, म्हणजे राग, पैसा, वासना या गोष्टी आडवळण न घेता बोलता येतात. नवरा-बायको एकाच बैठकीत नकोत, कारण बोलायचा विषय पुष्कळदा समोरच बसलेला असतो. घरमालक आणि भाडेकरू, साहेब आणि हाताखालचा माणूस हेही टाळा. पाळकांच्या कानावर जरूर घाला, पण चालवायला त्यांना बोलावू नका. पाळकसाहेब बसले की सगळ्यांना अचानक बरोबर उत्तरं सुचतात. बाप्तिस्मा न घेतलेला कोणी मनापासून यायला तयार असेल तर येऊ द्या. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या ‘देवाच्या दरबारा’त दोन्ही प्रकारच्या लोकांना जागा होती.

आठवड्यातून एकदा, ७५ मिनिटं बसायचं. पहिली १० मिनिटं शांतता आणि प्रार्थना, मग २५ मिनिटं मागच्या आठवड्याचा हिशेब, २० मिनिटं वचन, १५ मिनिटं पुढचं काम ठरवायला, शेवटची ५ प्रार्थनेला. मोबाइल दुसऱ्या खोलीत. खायला चहा-बिस्किटं, बस. एका घरी कांदाभजी झाली की पुढच्या घरी वडे होतात, आणि दोन महिन्यांत घरातली बाईमाणसं बैठकीचं नाव काढू देत नाहीत.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या सभागृहाचं कर्ज फेडायला मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या लोकांनी ठरवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. पैसे मागायला घरोघर गेलेल्यांना दिसलं की लोक प्रत्यक्षात कसे जगतात: कुठे दारू, कुठे भांडण. त्या वसुलीतूनच एकमेकांची विचारपूस करणारे वर्ग उभे राहिले.

वाचायला मत्तय ५ ते ७ घ्या, डोंगरावरील प्रवचन. सगळी मिळून १११ वचनं आहेत, पण पहिल्यापासून ओळीने जाऊ नका. पहिले दोन आठवडे ५:३३-३७ वर काढा: तुमचं हो हे हो असावं आणि नाही हे नाही. कारण हे लगेच तपासता येतं. खिशात छोटी वही ठेवा आणि दिवसभरात कुणाला काय काय कबूल केलं ते लिहा. ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ हे बाथरूममधून सांगितलेलं वाक्यसुद्धा लिहा. ‘बघतो’, ‘करू की’, ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ हेही. रात्री जे झालं त्यापुढे टिंब, नाही झालं त्यापुढे फुली. आठवड्याच्या शेवटी फुल्या बहुतेक एकाच माणसाच्या नावापुढे असतात. तो कोण, हे बैठकीत बोला.

दर आठवड्याला प्रत्येकाने एकच काम घ्यायचं आणि त्यात वार, माणूस आणि कृती तिन्ही हवीत. ‘मी जास्त प्रेमळ होईन’ हे काम नव्हे. ‘गुरुवारी संध्याकाळी आईला फोन करून तिचं सगळं ऐकेन, मध्ये तोडणार नाही’ हे काम. पुढच्या वेळी प्रश्न एवढाच: केलंस का? नाही केलं तर कारणमीमांसा दोन मिनिटांत आटपा आणि तेच काम पुन्हा द्या. तीनदा राहिलं तर काम मोठं झालंय, अर्धं करा.

मग उपास, ६:१६-१८. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या शिकवणीच्या पुस्तिकेत त्यासाठी बुधवार आणि शुक्रवार दिले आहेत. सुरुवातीला शुक्रवारचं दुपारचं एक जेवण सोडा, पाणी प्या. एकादशी दुप्पट खाशी असं करून रात्री भरपाई करू नका. वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी ज्याला गरज आहे त्याला द्या (यशया ५८:७). चेहरा पाडून फिरायचं नाही, तोंड धुऊन कामाला लागायचं. दुपारी चारच्या सुमारास कुणावर खेकसलात ते मात्र लिहून ठेवा. पोट भरलेलं असताना झाकला जाणारा राग तेव्हा वर येतो. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, औषधं चालू असतील तर जेवण सोडू नका, दुपारपर्यंत फोन बंद ठेवा.

रागावर, म्हणजे ५:२१-२६ वर, किमान तीन आठवडे द्या. आधी कोण कुणाचं देणं लागतं ते ठरवा. तुम्ही दुखावलं असेल तर ५:२३-२४ लागू होतं: दान वेदीपुढे ठेवून आधी तुम्ही जायचं. तुम्हाला कुणी दुखावलं असेल तर मत्तय १८:१५-१७: आधी एकट्याने भेटायचं, मग एक-दोघांना घेऊन, त्यानंतर मंडळी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. मंडळीला आधी कळतं आणि त्या माणसाला शेवटी.

माफी मागायची ती समोर जाऊन, नाहीतर फोनवर, व्हॉट्सअॅपवर नको. वाक्य आधी लिहून बैठकीत वाचून दाखवा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ आणि ‘पण तू पण’ हे दोन्ही खोडून टाका. उरेल ते असं काही: ‘दादा, आईच्या मातीच्या दिवशी मी सगळ्यांदेखत तुला पैशावरून बोललो. ते माझं चुकलं. मला माफ कर.’ एवढं बोलून गप्प बसा. तो दहा मिनिटं जुनं उकरून काढेल, काढू द्या. सातबाऱ्याचा विषय त्या दिवशी काढूच नका. माफी मागितली म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, पण दोन्ही एका बैठकीत आले की माफीला सौद्याचा वास येतो. घेतलेले पैसे परत करायचे असतील तर तारीख सांगा. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने चौपट परत करायचं कबूल केलं होतं, तुम्ही निदान मुद्दल तरी पोचवा.

जिथे मारहाण होते तिथे हे लावू नका. मार खाणाऱ्या बाईला समेटाला पाठवणं हा मोठा अपराध आहे. तिथे आधी सुरक्षित जागा, ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक.

पैशाला, ६:१-४ आणि ६:१९-३४ ला, शेवटी हात घाला, तोवर एकमेकांचा भरवसा बसलेला असतो. महिन्याच्या खर्चाचा कागद सगळ्यांसमोर ठेवायचा. दशांश किती हे विचारू नका, डाव्या हाताला कळू नये असंच ते आहे. कर्ज कुणाचं, हप्ता किती, कामवाल्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला, हे विचारा.

बैठक मोडते ती बहुतेक दोन गोष्टींनी. ‘तिच्यासाठी प्रार्थना करूया’ म्हणत शेजारणीची कुचाळकी सुरू होते; म्हणून हजर नसलेल्याचं नाव आलं की थांबवायचं काम एकाकडे द्या. आणि एखादा प्रत्येक कबुलीवर उपदेश करू लागतो. त्याला तीन आठवडे फक्त प्रश्न विचारायची मुभा ठेवा.

साधारण वीस आठवड्यांत एवढं होतं. शेवटच्या दिवशी वह्या घेऊन या आणि तिथेच फाडून टाका, कारण त्यात दुसऱ्यांच्या कबुल्याही आहेत. ज्या कामापुढे अजून फुली आहे ते मात्र नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.