मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर अपत्यप्राप्ती: आयव्हीएफच्या आधी काय करावे

लोकलमधून पडल्याने किंवा परांचीवरून कोसळल्याने कमरेखालचे अंग लुळे पडलेला तरुण पत्नीसह तपासणीला येतो, तेव्हा लघवीचा संसर्ग, बेडसोअर, व्हीलचेअर या सगळ्यांविषयी बोलणे होते. मूल होईल का, हा प्रश्न मात्र निघता निघता दाराशी विचारला जातो, किंवा विचारलाच जात नाही आणि जोडपे परस्पर आयव्हीएफ (टेस्टट्यूब बाळ) केंद्राची पायरी चढते. ही घाई करू नये, कारण अनेकांच्या बाबतीत त्याहून पुष्कळ स्वस्त उपाय पुरेसा ठरतो.

प्रथम डिस्चार्ज कार्डावर इजेची पातळी पाहावी. टी म्हणजे मज्जारज्जूचा छातीचा, एल म्हणजे कमरेचा आणि एस म्हणजे त्याखालचा भाग; आकडा वाढतो तसे आपण खाली येतो. स्पर्शाने येणाऱ्या शिश्नाच्या ताठरतेचे केंद्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला, एस-२ ते एस-४ या भागात असते, तर मनातल्या विचारांनी येणारी ताठरता टी-११ ते एल-२ या भागावर अवलंबून असते. त्यामुळे इजा वरच्या भागात असेल, तर संवेदना नसतानाही स्पर्शाने ताठरता येऊ शकते. ती टिकत नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही ताठरतेची गोळी घेता येते. हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे चालू असतील, तर मात्र ताठरतेच्या या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. शिश्नात रक्त ओढून ताठरता आणणाऱ्या निर्वात पंपाचा उपयोग केल्यास बुडाशी बसवलेली रिंग 30 मिनिटांच्या आत काढावी, कारण बधिर त्वचेला इजा झालेली कळत नाही.

संबंधापूर्वी मूत्राशय रिकामे करावे आणि शक्यतो पोटही साफ झालेले असावे. कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) असल्यास तो दुमडून त्यावर निरोध चढवता येतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हे सारे जमवायचे असेल, तर घरातील इतर माणसे बाहेर असण्याची वेळ आधीच ठरवावी लागते, आणि त्यात संकोचण्याजोगे काही नाही.

इजा टी-६ किंवा त्याहून वर असल्यास एका धोक्याची पूर्ण माहिती असलीच पाहिजे. कामोत्तेजनेच्या वेळी, विशेषतः वीर्यस्खलनाच्या वेळी, रक्तदाब अचानक वाढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, मानेवर घाम सुटतो. अशा वेळी उत्तेजना ताबडतोब थांबवावी, रुग्णाला उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, कॅथेटरला पीळ पडला आहे का ते पाहावे आणि तरीही आराम न पडल्यास रुग्णालय गाठावे. तिथे ताठरतेची गोळी घेतली असल्याचे न लाजता सांगावे, कारण रक्तदाब उतरवण्यासाठी नायट्रेट दिले जाण्याची शक्यता असते आणि ही दोन औषधे एकत्र आली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

अपत्यप्राप्तीतली खरी अडचण बहुधा वीर्य बाहेर येण्याची असते. त्यासाठी शिश्नाच्या टोकाच्या खालच्या बाजूस व्हायब्रेटर धरतात. त्याच्या कंपनाचा पल्ला सुमारे 2.5 मिलिमीटर आणि वेग सेकंदाला 100 कंपने असावा लागतो; बाजारातल्या साध्या मसाजरकडून तेवढी अपेक्षा धरू नये. इजा टी-१० च्या वर असल्यास या पद्धतीला चांगले यश येते. पहिला प्रयत्न रुग्णालयातच, रक्तदाब मोजत करावा. तो न साधल्यास गुदमार्गातून सौम्य विद्युत उत्तेजन देऊन वीर्य मिळवता येते. कधी वीर्य उलटे मूत्राशयात जाते, म्हणून नंतरची लघवीही तपासावी.

मिळालेल्या वीर्यात शुक्राणूंची संख्या सहसा पुरेशी असते, पण त्यांची हालचाल मंद असते. हालचाल बरी असल्यास पत्नीच्या बीजोत्सर्गाच्या दिवसांत बिनसुईच्या सिरिंजने वीर्य घरीच योनीत सोडता येते. त्यानंतर आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे), आणि तेही फसल्यास आयव्हीएफ किंवा इक्सी (एकेक शुक्राणू थेट बीजात टोचणे), असा क्रम ठेवावा. पत्नीचे वय आणि बीजनलिकांची स्थिती मात्र सुरुवातीलाच तपासून घ्यावी, कारण इजेला वर्षे उलटली म्हणून वीर्य उत्तरोत्तर बिघडत जाते असे नसले, तरी स्त्रीचे वय थांबत नाही.

मुंबईत पुनर्वसनासाठी हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तर परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 1986 साली टेस्टट्यूब बाळ जन्मले होते. खासगी केंद्र निवडायचे असल्यास 2021 च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखालील नोंदणी पाहावी. या कायद्यानुसार उपचारासाठी पत्नीचे वय 21 ते 50 आणि पतीचे 21 ते 55 असावे लागते. पहिल्याच भेटीत अंडकोषातून सुईने शुक्राणू काढण्याची तारीख दिली गेली, तर आधी व्हायब्रेटरचा प्रयत्न का होत नाही, हे स्पष्टपणे विचारावे.