ऊसतोडीला जाताना बीपी-शुगरची फाइल मोबाईलमध्ये कशी न्यावी

टोळीसोबत बीड, केज, धारूरहून निघालेल्या माणसाच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांत फडावर खंड पडतो, कारण तिथल्या डॉक्टरांना आधीचं काहीच माहीत नसतं. मोबाईलने हे टळतं, पण तयारी गाव सोडण्याआधीच झाली पाहिजे.

आधी आधारला जोडलेलं सिम तपासा. आभा क्रमांकाचा (दवाखान्याची कागदं मोबाईलवर एकत्र ठेवणारा सरकारी आरोग्य क्रमांक) ओटीपी त्यावरच येतो, आणि रिचार्जअभावी सिम बंद पडलेलं असलं की काम तिथंच अडतं. आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या. कोयत्याने झिजलेले ठसे उमटत नसतील तर डोळे स्कॅन करायला सांगा. मग आभा अ‍ॅपवर 14 अंकी क्रमांक फुकट निघतो. आयुष्मान कार्ड वेगळं. आभावर उपचाराचे पैसे मिळत नाहीत.

नुसत्या क्रमांकाने फाइल भरत नाही. केसपेपर काढतानाच आभा सांगा. सगळे दवाखाने अजून जोडलेले नाहीत, म्हणून केसपेपर, शेवटचा शुगर रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटाचे फोटोही ठेवा. पाकिटावरचं औषधाचं नाव आणि एमजी स्पष्ट दिसू द्या. कर्नाटकात तीच कंपनी मिळेलच असं नाही, पण 'अ‍ॅम्लोडिपिन 5 एमजी' म्हटलं की कुठल्याही मेडिकलवाल्याला कळतं.

फडावरून ई-संजीवनीवर (व्हिडिओवरून डॉक्टर गाठून देणारी सरकारी सेवा) मोबाईल नंबर टाकून नोंदणी करा, टोकन घ्या आणि व्हिडिओवर डॉक्टरांशी बोला. रेंज नसेल तर जवळच्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी जोडून देतात.

डॉक्टर बीपीचा आकडा विचारणार, आणि तो चुकला तर गोळीचा डोसही चुकतो. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. मोळ्या वाहून आल्या आल्या मोजू नका. चहा-तंबाखूनंतरही अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा वाढीव येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. असं सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी 135/85 किंवा जास्त आली तर डॉक्टरांना सांगाच.

180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना अडखळणं असेल तर व्हिडिओची वाट पाहू नका, 108 लावा. तोंड वाकडं झालं तर मशीनही शोधत बसू नका.

कॉलनंतर आलेली चिठ्ठी लगेच डाउनलोड करून कोपीतल्या (फडावरच्या झोपडीतल्या) दुसऱ्या फोनवरही पाठवा. एकच फोन असेल तर छापून घ्या.