शेततळ्याचं पाणी हिरवंगार झालंय? या चुका टाळा

मे महिन्यात पहाटे साडेपाचला अमळनेर तालुक्यातल्या एका शेततळ्यावर पोचलो. कटले मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते, बरेच उलटे तरंगत होते. शेतकरी दादा एवढंच म्हणाले, "भाऊ, रातमा काय व्हयनं?" आदल्या दिवशी त्यांनी पाण्यावरची हिरवी साय घालवायला मोरचूद टाकलं होतं.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मोरचुदानं शेवाळ मरतं खरं, पण ते तळाशी बसून कुजतं आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. रात्री ऊन नाही म्हणजे नवा प्राणवायूही तयार होत नाही. त्यात आपला खान्देशी उन्हाळा. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशाला जेमतेम 7. तो 3 च्या खाली गेला की मासा गुदमरतो. शिवाय मेलेल्या शेवाळातलं खत पाण्यातच राहतं, म्हणून काही दिवसांत पाणी पुन्हा हिरवं होतं.

मासे वर येताना दिसले तर खाद्य लगेच बंद करा, पंपानं पाणी उचलून उंचावरून तळ्यातच पडू द्या, जमलं तर विहिरीचं ताजं पाणी सोडा. मध्यरात्रीनंतर सूर्य वर येईपर्यंत पंप थांबवू नका. साय वाऱ्यानं ज्या कडेला जमते तिथून जुन्या साडीनं ओढून बाहेर काढा.

दुसरी चूक सवयीची: मासे वाढत नाहीत म्हणून युरिया आणि डीएपी टाकत राहणं. युरियात नुसतं नत्र (नायट्रोजन) असतं, डीएपीत नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही. नत्र हवेत उडून जाऊ शकतं, स्फुरद जात नाही. आलं की साठतं. 1973 साली कॅनडात शास्त्रज्ञांनी एक तलाव पडद्यानं दोन भागांत विभागला. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. निळं-हिरवं शेवाळ नत्र हवेतूनही घेतं, त्यामुळे नुसता युरिया थांबवून भागत नाही. डीएपी आधी थांबवा. युरियाचाही धोका आहेच: हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) दुपारी 9 च्या वर जातो, तेव्हा अमोनिया विषारी रूपात वाढतो.

खत द्यायचं का, हे हातानं कळतं. ऊन पाठीवर घेऊन हात हळूहळू पाण्यात बुडवा. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर खत नको, शेणही नको. कोपराच्या आसपास दिसेनासा झाला तर पाणी ठीक आहे.

आणि तळाचा गाळ? वर्षानुवर्षं न काढलेला गाळ म्हणजे स्फुरदाची कोठीच. तळाशी प्राणवायू संपला की ते स्फुरद सुटून वर येतं. मग बाहेरून चिमूटभर खत न टाकताही पाणी हिरवं होतं. मासे काढून तळं रिकामं झालं की गाळ केळीला किंवा कपाशीच्या वावरात टाका. तळ्यात प्लास्टिकचा कागद असेल तर फावडं वापरू नका, कागद फाटतो.

जलपर्णीचंही असंच. तणनाशक मारून ती पाण्यात सडू देऊ नका. उपसून काढली तर ढीग बांधाच्या आतल्या उतारावर ठेवू नका. मृगाच्या पहिल्याच सरीत त्याचा सगळा काळा रस परत तळ्यात उतरतो.